निवासी नौकांचा मालकी-खर्च

जिच्यावर मालक कायमचा किंवा वर्षातला बहुतेक काळ राहतो, ती निवासी नौका होय. तिचा दीर्घकालीन मालकी-खर्च म्हणजे खरेदी व विक्रीच्या किमतींतील तफावत, अडकून पडलेल्या रकमेवरचे बुडालेले व्याज, बुडाची निगा, परवाना, विमा, नौका बांधून ठेवण्याच्या जागेचे भाडे आणि इंधन यांची पंधरा-वीस वर्षांची बेरीज. ही बेरीज खरेदीच्या किमतीवरून ओळखता येत नाही. पुष्कळदा सर्वांत स्वस्तात मिळालेली नौकाच अखेरीस सर्वांत महाग पडते. इंग्लंड व वेल्समधील कालव्यांवर वेगवेगळ्या प्रकारच्या नौका एकाच पाण्यात शेजारी शेजारी राहत असल्याने ही तुलना तेथे विशेष स्पष्टपणे करता येते.

या कालव्यांवरील सर्वांत परिचित नौका म्हणजे ‘नॅरोबोट’. अठराव्या शतकात कालवे बांधणारा अभियंता जेम्स ब्रिंडली याच्या काळात मध्य इंग्लंडमध्ये बांधलेले जलपाश (लॉक; पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नौका नेणारे दरवाजांचे हौद) सुमारे 7 फूट रुंदीचे असल्यामुळे या नौकेची रुंदी साधारण 6 फूट 10 इंच ठेवतात. आजची नॅरोबोट पोलादी असते. तळाचा पत्रा बहुधा 10 मिमी., पाण्यातील बाजू 6 मिमी. व छत 4 मिमी. जाडीचे असते. दीर्घकालीन खर्चाचा विचार करताना पहिली नजर या 6 मिमी.वर जायला हवी, कारण नौकेचे उरलेले आयुष्य तेथेच मोजले जाते. दर दोन-तीन वर्षांनी नौका कोरड्या गोदीत घेऊन किंवा यारीने उचलून बूड धुवावे लागते व त्यावर डांबरी लेप द्यावा लागतो. इपॉक्सीचा लेप महाग असतो. पण तो अधिक वर्षे टिकतो, त्यामुळे गोदीच्या फेऱ्या कमी होतात.

गंजापेक्षा अधिक घातक असते ती विद्युत्-रासायनिक झीज. धक्क्यावरून वीज घेणाऱ्या नौकांची बुडे भूसंपर्काच्या (अर्थिंगच्या) तारेने एकमेकांना जोडली जातात आणि पाण्यासह त्यांचा एक विद्युत् घट तयार होतो. त्यात ज्या नौकेचा धातू अधिक क्रियाशील असेल तिचे पोलाद खड्डे पडत झिजते. बुडाला जोडलेले मॅग्नेशियमचे तुकडे आधी झिजून पोलादाला वाचवतात, तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हे छोटे साधन हा सूक्ष्म प्रवाह अडवते. त्याची किंमत बूड दुरुस्तीच्या खर्चापुढे अगदी किरकोळ असते, म्हणून ते न बसवणे ही काटकसर ठरत नाही. बूड जुने झाले की सर्वंकष विम्यासाठी अनेक कंपन्या श्राव्यातीत तरंगांनी केलेल्या जाडीच्या मोजणीचा अहवाल मागतात. पत्रा 4 मिमी.पेक्षा पातळ निघाला, तर बहुधा वरून नवा पत्रा जोडावा लागतो. या कामाने नौकेचे वजन वाढते, ती पाण्यात अधिक बुडते आणि कोळसा व सामान ठेवण्याची मर्यादा घटते.

‘वाइडबीम’ ही तशीच, पण साधारण 10 ते 14 फूट रुंद पोलादी नौका. 60 फूट लांबीला नॅरोबोटचे बाह्य क्षेत्रफळ सुमारे 410 चौ. फूट भरते, तर 12 फुटी वाइडबीमचे 720 चौ. फूट. घर म्हणून हा फरक फार मोठा आहे, आणि कुटुंबासह राहणाऱ्याला तो मोलाचा वाटणे रास्तच आहे. मात्र तिला उचलू शकणारी यारी किंवा सामावणारी गोदी थोड्याच ठिकाणी असते, आणि रुंदीनुसार परवाना-शुल्कही वाढते. शिवाय ग्रँड युनियन कालव्यावरील वॉटफर्ड व फॉक्सटन येथील जलपाश अरुंद असल्याने दक्षिणेकडील वाइडबीम कालव्यांतून उत्तरेकडे जाऊ शकत नाही; तिला मालवाहू ट्रकवर चढवावे लागते. विकताना गिऱ्हाइकांचे वर्तुळही त्यामुळे आक्रसते.

काचतंतूंच्या (फायबरग्लास) जुन्या सहलनौका सर्वांत स्वस्त मिळतात. त्यांना गंज चढत नाही आणि डांबरी लेपही लागत नाही. परंतु त्यांत उष्णतारोधन तोकडे असल्याने हिवाळ्यात इंधन अधिक जळते व भिंतींवर दमटपणा धरतो. लाकडी नौकांच्या फळ्यांच्या फटी पुन्हा पुन्हा बुजवाव्या लागतात, कुजलेल्या फळ्या बदलाव्या लागतात आणि हे काम जाणणारे कारागीर आता कमी उरले आहेत. स्वतः सुतारकाम न येणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

या सर्व प्रकारांत एक खर्च असा आहे की तो नौकेवर नव्हे, तर जागेवर अवलंबून असतो. ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या संस्थेने 2012 मध्ये इंग्लंड व वेल्समधील सुमारे 3,200 किमी. जलमार्गांचा कारभार हाती घेतला. या जलमार्गांवर परवान्यासाठी विमा आणि बहुतेक नौकांना दर चार वर्षांनी मिळवायचे सुरक्षा-प्रमाणपत्र आवश्यक असते. ज्याच्याकडे कायमची जागा नाही, त्याने 1995 च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सामान्यतः 14 दिवसांपेक्षा अधिक न थांबता खरोखर प्रवास करत राहावे लागते. अशा फिरत्या नौकांच्या परवाना-शुल्कावर एप्रिल 2024 पासून अधिभार लागू झाला. 5 टक्क्यांपासून सुरू होऊन तो टप्प्याटप्प्याने 25 टक्क्यांपर्यंत वाढवण्याचे ठरले. तरीही लंडनसारख्या ठिकाणच्या निवासी जागेच्या भाड्यापुढे हा बोजा लहानच असतो. उलट, फिरत्या नौकेवर डिझेल, इंजिनाची झीज आणि बॅटऱ्यांवरचा ताण वाढतो: शिसे-आम्ल बॅटऱ्या रोज खोलवर रिकाम्या होत राहिल्या, तर त्या थोड्याच वर्षांत निकामी होतात.

नेदरलँड्समध्ये काँक्रीटच्या तरंगत्या पायावर घर बांधण्याची पद्धत आहे. या पायाला पोलादासारखी वरचेवर गोदी लागत नाही आणि लेपाचा खर्चही जवळजवळ उरत नाही. मात्र अशा घराला बहुधा इंजिन नसते, म्हणून त्याच्या किमतीत बांधकामापेक्षा ते जेथे बांधून ठेवले आहे त्या जागेच्या हक्काचाच वाटा मोठा असतो.