मान वाकडी, पण बिघाड मेंदूत

वेडंवाकडं झोपल्यामुळे धरलेली मान शेक आणि हलक्या हालचालींनी सहसा आठवड्याभरात सुटते. काहींची मान मात्र महिनोन्महिने एकाच बाजूला ओढली जाते, दुखते, कधी थरथरते. हा सर्व्हायकल डिस्टोनिया. तो बहुधा चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो, बायकांमध्ये जास्त आढळतो.

यात मूळ दोष स्नायूचा नसतो. मेंदूत हालचालींचं नियंत्रण बिघडतं आणि मानेच्या काही स्नायूंना आकुंचनाचे नको ते आदेश मिळत राहतात. म्हणून नुसत्या मालिशने तात्पुरतं बरं वाटतं, मान पुन्हा वळते.

आरशासमोर उभं राहून चेहरा डावीकडे वळवा. उजव्या कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा स्नायू ताठ उठून दिसेल. म्हणजे चेहरा डावीकडे नेतो तो उजवा स्नायू! त्यामुळे फिजिओथेरपिस्ट आधी नेमकं कोण ओढतंय ते शोधतात. ओढणाऱ्या स्नायूला हळूहळू ताण द्यायचा आणि विरुद्ध बाजूचे, वापराविना सुस्तावलेले स्नायू कामाला लावायचे, हा उपचाराचा गाभा. रुग्ण आरशात बघत डोकं मध्यावर आणतो, क्षणभर तिथेच धरतो, सोडतो. असं रोज.

बऱ्याच रुग्णांना एक युक्ती आपोआप सापडलेली असते: हनुवटीला किंवा गालाला बोट नुसतं टेकवलं की मान सरळ होते. जोर लावावाच लागत नाही. त्या स्पर्शाने मेंदूला मिळणारी माहिती बदलते. व्यायामात या युक्तीचा उपयोग करून घेतात.

मुख्य औषधोपचार बोटॉक्सच्या इंजेक्शनचा. त्याने ओढणारा स्नायू साधारण 3 महिने सैलावतो, आणि व्यायामाला तेव्हा खरी संधी मिळते. नुसत्या व्यायामाने हा आजार जात नाही. तरी दुखणं कमी होणं, मान वळवून रस्ता ओलांडता येणं हे रुग्णासाठी फार मोठं असतं.

सलूनमध्ये मान ‘मोडून’ घेणं मात्र कुणीच करू नये. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. पडल्यानंतर मान वाकडी झाली, हाताला मुंग्या आल्या, किंवा मुलाला सोबत ताप असेल आणि गिळता येत नसेल, तर व्यायाम नाही, थेट डॉक्टर. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही मान अचानक वळू शकते. घेतलेली औषधं डॉक्टरांना जरूर सांगा. ते कारण असेल, तर योग्य इंजेक्शनने मान बहुधा काही मिनिटांत सुटते.