शाळेसमोर रस्ता थांबवणारा माणूस: ही कल्पना आली कुठून?

सोलापुरात शाळा सुटायच्या वेळी होटगी रोड नाहीतर विजापूर रोडला दहा मिनिटं उभं राहून बघा, रिक्षा, टमटम, पोरांना न्यायला आलेल्या टू व्हीलर आणि मधूनच शहरातनं जाणारी जड वाहनं, सगळं एकदमच. आमच्या मुलीच्या शाळेबाहेर एक वॉचमन मामा असतात, गळ्यात शिट्टी, काठीला बांधलेलं लाल फडकं. सीझनला दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर येताना दिसला की मामा फडकं वर करतच नाहीत, दोन्ही हात आडवे पसरून पोरांनाच मागं ठेवतात आणि ट्रॅक्टर गेल्यावर मोकळी जागा बघून सोडतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, पण गाड्या थांबवून पोरांना रस्ता ओलांडून द्यायच्या या कामाचा पहिला नियम अगदी हाच आहे.

मोटारी वाढल्या तसं हे काम सुरू झालं. अमेरिकेत १९२०-२१ च्या सुमारास शिकागो, सेंट पॉल अशा शहरांत आधी शाळेतली मोठी पोरंच पट्टे घालून लहानांना रस्ता ओलांडून द्यायला उभी राहिली. इंग्लंडमधल्या बाथ शहरात १९३७ साली मेरी हंट नावाच्या बाईंना या कामावर नेमलं, त्या तिथल्या पहिल्या मानल्या जातात. मग १९५३ ला तिथं खास कायदा झाला, १९५४ च्या जुलैपासून लागू, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तोच. कारण तोपर्यंत ती एक विनंती होती, कायद्यानंतर गणवेशातल्या माणसानं गोल पाटी दाखवली की गाडीवाल्याला थांबावंच लागायला लागलं, नाही थांबला तर आज १००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट. पाटी लॉलीपॉपसारखी दिसते म्हणून लोक त्यांना लॉलीपॉप लेडी म्हणतात. २००१ पासून तर मुलंच नाही, कुणालाही रस्ता ओलांडायचा असला तरी त्यांना गाड्या थांबवता येतात.

आता पात्रता. अमेरिकेच्या वाहतूक चिन्हांच्या सरकारी नियमावलीत यावर वेगळा भागच आहे. नजर आणि कान चांगले पाहिजेत, चटकन हलता आलं पाहिजे, धोका ओळखता आला पाहिजे, आणि मुलांशी तसंच गाडीवाल्यांशी समजेल असं बोलता आलं पाहिजे, म्हणजे डिग्री नाही, भरवशाचा माणूस हवा. ट्रॅफिक पोलिसासारखं वाहतूक वळवणं हे त्याचं काम नाही. गाड्यांमधली पुरेशी मोकळी जागा हेरायची, आधी आपण रस्त्यात उतरायचं, पाटी धरायची, शेवटचं पोर पलीकडं पोचेपर्यंत तिथंच थांबायचं.

आपल्याकडं यातलं काय आलं तर आरएसपी, म्हणजे शाळेतल्या पोरांचं रोड सेफ्टी पेट्रोल. आठवी-नववीची पोरं, शिट्टी, टोपी, १५ ऑगस्टची परेड, आपल्यातल्या कितीतरी जणांनी केलंय. शिस्त लागते, ट्रॅफिकच्या खुणा पाठ होतात, चांगलंच आहे ते, पण हायवेसारख्या रस्त्यावर चौदा वर्षाच्या पोराला गाड्यांसमोर उभं करणं मला तरी पटत नाही, तिथं मोठा माणूसच पाहिजे.

आणि तो मोठा माणूस म्हणजे आपला वॉचमन, त्याच्या हाताला कायद्याचं बळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ प्रमाणे वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळावाच लागतो, मामांच्या फडक्याचा तिथं उल्लेख नाही. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगला चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आहे, पण शाळेसमोरचे पट्टे पुसलेले असले की तो नियम तरी कुठं दाखवायचा!

एक जागा मात्र आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक अध्यक्ष, शिवाय पालक, पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी, म्हणजे ज्यांच्याशी बोलायचंय ते सगळे एकाच टेबलावर. बऱ्याच पालकांना ही समिती आहे हेच माहीत नसतं. आम्ही चौघा पालकांनी पुढच्या बैठकीसाठी अर्ज दिलाय: पट्टे पुन्हा रंगवा, शाळा सुटताना अर्धा तास एक ट्रॅफिक पोलीस द्या, आणि मामांना रिफ्लेक्टर जॅकेट, धड दिसेल अशी स्टॉपची पाटी आणि ट्रॅफिक शाखेकडनं दोन दिवसाचं ट्रेनिंग.