शेजारची वाळवी आणि आपले घर

लगतच्या घरात किंवा सदनिकेत वाळवी लागली असता ती आपल्याकडे येऊ नये, आणि आलीच असेल तर वेळीच कळावी, यासाठी करायचे उपाय. सामाईक भिंतीचे वाडे, चाळी, रो-हाउस आणि सोसायट्यांच्या इमारती यांत हा प्रश्न नेहमीचा. काही भागांत वाळवीला उधई असेही म्हणतात.

‘शेजाऱ्यांची वाळवी’ हा शब्दप्रयोगच मुळात फसवा आहे. घरे पोखरणाऱ्या वाळवीच्या बहुतेक जाती भूमिगत असतात. राणी, अंडी, पिल्ले सगळे जमिनीखाली; शेजारच्या दाराच्या चौकटीत सापडतात ते फक्त चाऱ्यासाठी निघालेले कामकरी. एकच वसाहत एकाच वेळी अनेक ठिकाणी खात असते, आणि कुंपणाची भिंत तिच्या हिशेबात नसते. त्यामुळे शेजारी वाळवी दिसली याचा अर्थ एवढाच, की दोन्ही घरांखालच्या मातीत ती असू शकते. आपल्याकडे ती आधीच आली असण्याचीही शक्यता असते, म्हणून पहिले काम फवारणीचे नसून तपासणीचे.

कामकरी वाळवीची कातडी पातळ असते. उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून माती, लाळ आणि विष्ठा कालवून ती साधारण पेन्सिलीच्या जाडीची नळी बांधत पुढे सरकते. अशा नळ्या जोत्यावर, कपाटाच्या पाठीमागे, स्वयंपाकघरातल्या सिंकखाली, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात शोधाव्यात. नळी सापडली की सगळी खरवडून टाकण्याची घाई करू नये. मधला बोटभर तुकडा काढावा. आत तांदळाच्या कणीसारखे फिकट किडे पळताना दिसले तर वाळवी आहे हे नक्की. नळी रिकामी दिसली तर दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. तुटलेल्या जागी ओलसर, गडद मातीचा नवा जोड दिसला की वाट चालू आहे असे समजावे. लाकडावर पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहणे हा दुसरा जुना उपाय. वाळवी रंगाचा पापुद्रा शाबूत ठेवून आतला मऊ भाग खाते, त्यामुळे धडधाकट दिसणारी चौकट पोकळ वाजते.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी दिव्यांभोवती घोंघावणारे वाळवीचे पंखवाले किडे पाहून लोक घाबरतात. ते बाहेरून आले असतील तर फार काळजीचे कारण नसते. ओली माती न मिळाल्यास त्यांतले बहुतेक मरतात. दिवे मालवून खिडक्या लावल्या की पुरते. मात्र भिंतीच्या भेगेतून किंवा चौकटीतूनच ते बाहेर पडताना दिसले, तर वसाहत इमारतीच्या आत किंवा अगदी खाली आहे.

लाकडातच राहणारी कोरडी वाळवी हा वेगळा प्रकार. तिला मातीचा संपर्क लागत नाही. लाकडाच्या छिद्राखाली खसखशीसारखे दाणे साचतात, तीच तिची खूण. ती शेजाऱ्याने दिलेल्या जुन्या पलंगातून येऊ शकते, आणि जमिनीत कितीही औषध ओतले तरी तिच्यावर परिणाम होत नाही.

भूमिगत वाळवीपासून बचाव म्हणजे माती आणि लाकूड यांच्यातले दुवे तोडणे. जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा करीत, जमिनीत पुरत नसत. सागाचा गाभाही वाळवीला सहजी दाद देत नाही. आजच्या प्लायवूडला आणि भिंतीत चिणलेल्या चौकटीला यांतले काहीच लाभत नाही. बांधकामाच्या वेळी भरावात राहून गेलेल्या शटरिंगच्या फळ्या तर वाळवीला दिलेले आमंत्रणच. सामाईक भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्याचे खोके, रद्दीचे गठ्ठे, जोत्याला चिकटून केलेला फुलझाडांचा वाफा आणि गळका नळ एवढे जरी दूर केले तरी मोठा फरक पडतो.

रासायनिक उपचारासाठी भारतीय मानक आय.एस. ६३१३ आहे; त्याचा तिसरा भाग उभ्या इमारतींसाठी आहे. बाहेरच्या भिंतीलगत चर खणून माती औषधाने भिजवतात. आत फरशी व भिंत यांच्या सांध्यावर १२ मिलिमीटर व्यासाची भोके ३० सेंटिमीटर अंतराने पाडून त्यांत औषध सोडतात, प्रत्येक भोकात जास्तीत जास्त एक लिटर, आणि भोके सिमेंटने बुजवतात. क्लोरपायरिफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड ही नेहमीची औषधे. ऑल्ड्रिन एके काळी सर्रास वापरले जाई. त्यावर भारतात बंदी आहे. जवळ विहीर असेल तर औषध तिच्या पाण्यात उतरणार नाही हे आधी पाहावे लागते.

‘त्यांनी औषध मारले म्हणून वाळवी आमच्याकडे आली’ ही तक्रार अर्धी खरी आहे. पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटातली औषधे वाळवीला जाणवतात, ती वळसा घालते आणि मोकळी फट सापडेल तिथून शिरते. रॉकेल ओतण्याने किंवा झुरळांचा फवारा मारण्यानेही नेमके हेच होते. इमिडाक्लोप्रिड तिला जाणवत नाही. औषध भिनलेली माती तुडवत ती मरते. त्यामुळे रो-हाउसमध्ये सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, एकाच वेळी आणि एकाच औषधाने काम करणे सर्वांत बरे. शेजारी तयार नसेल तर निदान आपल्या बाजूची भोके सलग असावीत, कपाट हलवायचा कंटाळा म्हणून त्यामागची जागा सोडू नये. इमारतीत वाळवी डक्ट आणि विजेच्या नळ्यांमधून वरच्या मजल्यांवरही चढते, म्हणून एकट्या सदनिकेपुरते काम केले तर प्रश्न फक्त लांबणीवर पडतो. तळमजल्याभोवतीची माती सोसायटीनेच हाताळायला हवी.

अंगणाच्या टोकाला, घरापासून लांब असलेले वारूळ मात्र दिसले की फोडलेच पाहिजे असे नाही. गोव्यात पावसाळ्यात चढ्या भावाने विकली जाणारी रोयण अळमी ही रानटी अळंबी अशाच वारुळांवर उगवते.

औषधाचा थर मातीत शाबूत असेपर्यंतच काम देतो. शेजाऱ्याने न्हाणीघराची फरशी उखडली, सांडपाण्याची वाहिनी बदलली किंवा आपणच भिंतीलगत केळ लावायला खड्डा खणला, तर तेवढ्या जागेवर उपचार नव्याने करावा लागतो.