ओट्यावरची गोळी आणि मिठाचा डबा

माझी आत्या नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. तिच्या ओट्यावर चहाच्या भांड्याशेजारी गोळ्यांची एक छोटी बाटली कायमची असते. पहाटे उठून चूळ भरली की एक गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास चहा नाही. तेवढ्यात ती देवाची फुलं काढते, दूध आणते. एकादशीला मात्र अजूनही तिचा हात बाटलीशी थबकतो, गोळीनं उपवास मोडतो की काय म्हणून. मोडत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी ती आधी देवापुढे हात जोडते आणि मग गोळी घेते.

"मला थायरॉईड आहे," असं ती सांगते. आपण सगळेच असं बोलतो, पण थायरॉईड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे आणि ती प्रत्येकाला असते. आत्याची ग्रंथी मंदावली आहे, म्हणजे तिला हायपोथायरॉइडिझम आहे. निदान झालं तेव्हा शेजारणींनी दोन सल्ले दिले होते: कोबी सोड आणि मीठ बदल. गोळीच्या बाटलीच्या वरच्या फळीवर मिठाचा डबा असतो. या दोन वस्तू एकाच ग्रंथीच्या दोन निरनिराळ्या दुखण्यांसाठी घरात आल्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे बाया उगाच हैराण होतात. म्हणून हा इतिहास जरा उलगडून सांगावासा वाटतो.

जुनं दुखणं म्हणजे गलगंड. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे, म्हणजे गळ्याची ही गाठ वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. कारण कळायला मात्र एकोणिसावं शतक उजाडलं. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरलं. थायरॉईडला तिचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, बनवायला आयोडीन लागतं. ते कमी पडलं की ग्रंथी जास्त राबू लागते आणि फुगते. धो धो पावसाच्या डोंगरउतारांवर मातीतलं आयोडीन धुऊन जातं, मग ते पिकात येत नाही आणि ताटातही येत नाही. गरोदरपणात ही उणीव मोठी असली तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. गळ्याची गाठ निदान डोळ्यांना दिसते, हे नुकसान दिसतही नाही.

आपल्याकडचा निर्णायक प्रयोग हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात झाला. १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीच्या या भागाचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन मिसळलेलं मीठ दिलं, एकाला पोटॅशियम आयोडाइडचं आणि दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेटचं. तिसऱ्या विभागाला साधंच मीठ मिळत राहिलं. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन विभागांतल्या शाळकरी मुलांमधलं गलगंडाचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, तिसऱ्यात जवळजवळ जिथल्या तिथेच राहिलं. नंतर तिथेही आयोडीनचं मीठ देण्यात आलं. दमट, उष्ण हवेत आयोडेट जास्त टिकतं, म्हणून आज आपल्या मिठात तेच असतं. माणशी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, एवढीच आपली गरज! चिमटीला जाणवणारही नाही इतक्या वस्तूनं एका खोऱ्यातल्या पोरांचे गळे पूर्ववत होऊ लागले, हे मला आजही थोर वाटतं.

१९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा फक्त हिमालयाचा प्रश्न नाही, हे पुढच्या पाहण्यांतून कळलं आणि ऐंशीच्या दशकात सगळ्या देशाचं खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. तोवर नाशिकमध्ये काय, सगळ्या महाराष्ट्रातच काय, मीठ म्हणजे खडेमीठ. वाण्याच्या दुकानाबाहेर पोतं उघडं पडलेलं असायचं. दुकान बंद झालं तरी ते बाहेरच, कारण मीठ कोणी चोरत नसे. पुडीतलं बारीक मीठ आलं तेव्हा आजीला ते पटलंच नाही. लोणच्याला आणि कुरडयांच्या चिकाला खडेमीठच हवं, असा तिचा हट्ट होता. साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. मिठाच्या सत्याग्रहाच्या देशात मिठावर सक्ती कशाला, हा विरोधकांचा सवाल होता. तो मनापासूनचा होता हे मला मान्य आहे, पण कांगड्यातली मुलं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आत्याच्या गोळीचा वंश वेगळा. १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी अंगावर सूज येऊन सुस्तावलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्या बऱ्या झाल्या, पुढे २८ वर्षं असेच उपचार घेत राहिल्या आणि १९१९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेल्या. त्यांच्या औषधासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाचे स्फटिक वेगळे केले. डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथींमधून हाती आलं जेमतेम ३३ ग्रॅम! १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. आज बाटलीत जे असतं ते तेच, कुठल्याही जनावराशिवाय बनलेलं. आत्याला हे सांगितलं तेव्हा एकादशीची तिची निम्मी शंका फिटली.

ग्रंथी मंदावते का, याच्या एका उत्तराचा धागा १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोतो यांच्या निरीक्षणातून हाती आला, आणि त्याचा उलगडा १९५६ मध्ये झाला. शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वतःच्या थायरॉईडवर उलटते. भरपूर आयोडीन मिळणाऱ्या आपल्या शहरांत हे कारण फार आढळतं, आणि बायकांमध्ये कितीतरी जास्त. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत दर शंभर प्रौढांत जवळपास अकरा जणांची ग्रंथी मंद निघाली. त्यात नाशिक नव्हतं, पण किनाऱ्यापासून आत असलेल्या शहरांत प्रमाण किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा थोडं जास्त होतं. दोष आयोडीनच्या उणिवेचा नव्हता, म्हणून आत्याला मीठ बदलून काही फायदा नव्हता. आणि कोबी? आयोडीन पुरेसं असेल तर शिजवलेल्या कोबीच्या भाजीनं काही बिघडत नाही. कच्चा कोबी रोज ढिगानं खाल्ला तर गोष्ट वेगळी.

पूर्वी हे निदान चेहरा, आवाज, कोरडी कातडी पाहून व्हायचं. रक्तातली संप्रेरकं अचूक मोजणं साठच्या दशकापासून शक्य झालं. १९६३ मध्ये मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं आणि किरणोत्सारी आयोडीननं थायरॉईडची तपासणी व उपचार तिथे होऊ लागले. आमच्या घरातल्या एका आजींना तपासणीसाठी पहाटेच्या पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला नेल्याचं मला आठवतं. आता शरणपूर रोडवर सकाळी रक्त द्या, संध्याकाळी मोबाइलवर टीएसएच येतो. हा टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, आणि ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं असतं. थायरॉईड सुस्तावली की पिट्युटरी तिला जास्त जोरानं हाका मारते, आणि म्हणून आकडा वाढतो. पहिल्यांदा रिपोर्ट पाहणारे इथेच हमखास गोंधळतात. आकडा वर गेलेला दिसतो, म्हणून ग्रंथी जास्त चालतेय असं त्यांना वाटतं.

गेल्या वर्षी आत्यानं कुणाचं तरी ऐकून सगळ्या स्वयंपाकाला सैंधव सुरू केलं. उपवासाला ते ठीक, पण आयोडीन न घातलेल्या सैंधवात ते अगदी नगण्य असतं. घरात सून गरोदर होती. गरोदरपणी आयोडीनची गरज दिवसाला २५० मायक्रोग्रॅमवर जाते. मी म्हटलं, "आत्या, तुझ्या गोळीला मीठ कुठलंही चालेल. सुनेच्या बाळाला चालणार नाही." ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा डब्यात पुडीचं मीठ होतं आणि सैंधव एका लहानशा बरणीत देवघराच्या फळीवर, एकादशीपुरतं.