रिफ्लेक्सॉलॉजी: तळपायाचा नकाशा आणि कायद्याचे कप्पे

तळव्यावर कुठे दाबलं की कुठला अवयव, हा रिफ्लेक्सॉलॉजीचा (म्हणजे तळव्याच्या ठरावीक जागा दाबून त्या त्या अवयवावर उपचार करण्याच्या पद्धतीचा) रंगीत चार्ट बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो, ॲक्युप्रेशरच्या चपलेच्या खोक्यावर नाहीतर बँकॉक-सिंगापूरच्या टूरमध्ये फूट मसाजवाल्याच्या काचेवर, त्यामुळे तो परत समजावत बसत नाही. हा चार्ट आला कुठून आणि वाटेत त्याचं काय काय झालं तेवढंच बघू. आणि त्यात शरीरशास्त्र कमी आणि परवाने-कायदे जास्त सापडतात, हे आधीच सांगून ठेवतो.

ही विद्या फार प्राचीन आहे म्हणतात, ते आधी उरकून घेऊ. इजिप्तमध्ये सक्काराला एका बड्या अधिकाऱ्याचं थडगं आहे, इसवी सनापूर्वी साधारण २३०० च्या आसपासचं, त्याच्या भिंतीवर माणसं एकमेकांचे हातपाय धरून काहीतरी करतायत असं चित्र आहे. रिफ्लेक्सॉलॉजीच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर हे चित्र असतं. पण काही अभ्यासकांच्या मते ते सरळ मॅनिक्युअर-पेडिक्युअर आहे, आणि चित्रात अवयवांचा नकाशा वगैरे काही नाही. "चिनी पाच हजार वर्षं" हा दावा तर अजूनच डळमळीत, कारण चिनी ॲक्युपंक्चरचे जे नेहमीचे चौदा मार्ग (मेरिडियन) आहेत त्यांच्यावरचा तळव्यावर येणारा बिंदू एकच आहे. आख्ख्या तळपायावर एक! आपल्याकडे पादाभ्यंग आहे, पायाला तेल लावलं की डोळ्यांना बरं आणि झोप चांगली हे जुन्या वैद्यकात आहे, काशाच्या वाटीने तळवे घासणं आजही घरोघरी चालतं, पण टाच म्हणजे हे आणि अंगठा म्हणजे ते अशी वाटणी तिथेही नाही. पाय चोळणं जुनं आहे, सगळ्या जगात जुनं आहे. नकाशा मात्र विसाव्या शतकातला आणि अमेरिकन आहे.

कनेक्टिकट राज्यात हार्टफर्डला एक कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९१० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं (म्हणजे त्यांचा तसा दावा होता) की बोटांवर, जिभेवर, नाकाच्या आत ठरावीक जागी दाबून धरलं की दुसरीकडेच कुठेतरी बधिरपणा येतो आणि छोटी ऑपरेशन्स सोपी जातात. त्यांनी शरीराचे उभे दहा पट्टे पाडले, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, डोक्यापासून हातापायाच्या बोटांपर्यंत, आणि एका पट्ट्यात कुठेही दाबलं तरी त्याच पट्ट्यातल्या बाकी भागावर परिणाम होतो असं मांडलं. १९१५ मध्ये एका लोकप्रिय मासिकात दातदुखी थांबवायला पायाचं बोट दाबा अशा थाटाचा लेख आला, १९१७ मध्ये पुस्तक आलं, नाव पडलं झोन थेरपी. गंमत म्हणजे या टप्प्यात मुख्य काम हाताचं होतं. बोटांना रबरबँड गुंडाळा, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, धातूचा कंगवा मुठीत घट्ट धरा, अशा सूचना. सामान्य लोकांना घरी करता येईल म्हणून ते चाललं. बाकीच्या डॉक्टरांनी फारसं मनावर घेतलं नाही.

पायाकडे वळवलं ते एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. फ्लोरिडात एका डॉक्टरांकडे त्या काम करत होत्या, या डॉक्टरांनी उभ्या पट्ट्यांवर आडवे पट्टे टाकलेले, म्हणजे आता ग्रिडच तयार झाला. बाईंनी १९३० च्या दशकात पेशंटचे पाय इंच-इंच दाबून कुठे दुखतं आणि त्या माणसाला आजार काय याच्या जोड्या लावल्या, आधी दुखऱ्या जागेवर कापसाचा बोळा चिकटपट्टीने बांधून ठेवायच्या, मग लक्षात आलं की सारखं दाबून ठेवण्यापेक्षा दाब-सोड-दाब जास्त बरं वाटतं. १९३८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि पुढची तीसेक वर्षं त्या अमेरिकाभर शिकवत फिरल्या. आज जगात जे फूट चार्ट छापले जातात त्यातले बहुतेक फिरून फिरून याच बाईंच्या चार्टवर येतात. आणि कायद्याचा पहिला फटका इथेच बसलेला दिसतो, कारण "थेरपी" हा शब्द वापरायला परवानाधारक फिजिओथेरपिस्ट मंडळींनी हरकत घेतली आणि १९६० च्या आसपास झोन थेरपीची रिफ्लेक्सॉलॉजी झाली. काम तेच, पाटी बदलली. पुढे हे परत परत होणार आहे.

युरोपात ही विद्या १९५०-६० च्या दशकांत पोचली, जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये, ब्रिटनमध्ये, बऱ्याचदा नर्सेसच्या मार्फत. तिथून जो फाटा तैवानला गेला तो मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, आणि आपण ज्याला चिनी फूट मसाज म्हणून पैसे देतो त्याचा बराचसा भाग तिथला आहे.

१९७० मध्ये एक स्विस कॅथलिक पाद्री तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर ताइतुंग भागात गेले. आदिवासी वस्ती, गरीब भाग. त्यांना संधिवाताचा त्रास, गुडघे धरलेले. त्यांच्या हातात एका स्विस नर्सचं पायाच्या रिफ्लेक्सॉलॉजीवरचं पुस्तक पडलं, त्यांनी स्वतःवर करून पाहिलं, बरं वाटलं, मग गावकऱ्यांवर करायला लागले. १९८० च्या सुमारास बातमी फुटली आणि बेटभरातून लोक त्या खेड्यात रांगा लावायला लागले. पाद्रींनी माणसं शिकवली, त्यांनी अजून माणसं शिकवली, दुकानं निघाली, तिथून हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूर. म्हणजे रस्ता असा: हार्टफर्ड, फ्लोरिडा, स्वित्झर्लंड, तैवान, आणि मग बँकॉकच्या फुटपाथवर "एन्शंट चायनीज".

आता खरा घोळ. तैवानमध्ये १९८० चा अपंग कल्याणाचा कायदा होता, त्यात मसाजचा धंदा फक्त अंध व्यक्तींनीच करायचा असं कलम होतं. ही परंपरा जपानी राजवटीतून आलेली, जपानमध्ये अंधांनी मालिश करणं शेकडो वर्षं चालत आलेलं, आणि तैवान १८९५ ते १९४५ जपानकडे होतं. हेतू वाईट नव्हता, अंधांना पोटापाण्याचा एक राखीव धंदा. डोळस माणसाने मसाज केला तर दंड, आणि त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकालाही दंड.

मग पाद्रींच्या शिष्यांनी पाय दाबणं म्हणजे मसाज का? नियमांमध्ये मसाजची व्याख्या होती: हलकं चोळणं, मळणं, बोटाने दाबणं, थोपटणं, कंप देणं, सांधे हलवणं "आणि इतर खास हस्तकौशल्य" वापरून दुसऱ्याचा थकवा घालवणं. आता या व्याख्येतून पाय दाबणं बाहेर कसं काढणार सांगा. आणि मसाज नाही म्हणावं, उपचार आहे म्हणावं, तर दुसरीकडून वैद्यकीय कायदा येतो, विनापरवाना डॉक्टरकी. एका बाजूला राखीव धंदा, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचा परवाना, आणि मधल्या बोळात पायवाले.

१९९३ मध्ये आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढलं की काही लोकपद्धती, त्यात तळपायाचा मसाजही आला, या वैद्यकीय व्यवसायात धरल्या जाणार नाहीत, पण औषधं द्यायची नाहीत, शरीरात काही घुसवायचं नाही, आजार बरा करतो असं सांगायचं नाही. एक कटकट मिटली, म्हणजे पायवाले डॉक्टरकीच्या आरोपातून सुटले. पण अंधांच्या राखीव धंद्याचा प्रश्न तसाच राहिला, उलट वाढला, कारण आता डोळस लोक उघडपणे पायाची दुकानं काढून बसले आणि "हा मसाज नाही, ही आरोग्यपद्धती आहे" म्हणायला लागले, आणि पायाच्या नावाखाली पाठ-खांदेही दाबून द्यायला लागले. अंध मालिशवाल्यांचं म्हणणं साधं होतं की आमचं गिऱ्हाईक गेलं. ते खोटं नव्हतं. या वादात अंधांची बाजू बाहेरच्या लेखनात फारच कमी येते, सगळं कसं "उद्योजकतेचा विजय" म्हणून लिहिलं जातं, ते मला खटकतं.

दंड झालेले काही दुकानवाले वरपर्यंत गेले आणि ३१ ऑक्टोबर २००८ ला घटनात्मक बाबी बघणाऱ्या न्यायाधीशांनी निकाल दिला की हे कलम घटनाबाह्य आहे, तीन वर्षांत त्याचा अंमल संपेल. कारणं वाचण्यासारखी आहेत. अंधांचं संरक्षण हा हेतू त्यांनी योग्यच मानला. पण मसाज हे काम मुळात फक्त अंधच करू शकतील असं नाही, व्याख्या इतकी पसरट आहे की कशावर बंदी हेच नीट कळत नाही, डोळसांच्या काम निवडण्याच्या हक्कावर फार मोठा घाला आहे, आणि सगळ्यात टोचणारं म्हणजे ही तरतूद जवळपास ३० वर्षं चालली तरी अंधांची सामाजिक-आर्थिक स्थिती लक्षात येण्याइतकी सुधारलेली नाही. सरकारने त्यांना प्रशिक्षण, नोकरीच्या सोयी, इतर व्यवसाय यांची मदत करावी असं सांगितलं. म्हणजे राखीव कुरण हटवा आणि त्याच्या जागी कल्याण योजना आणा. कुरण हटवायचं ठरलं एका निकालात, योजनेचं काम मात्र खात्यांवर सोडलेलं, आणि खात्यांच्या कामाचा वेग आपल्याला काही नवीन नाही.

या निकालाचा पायाच्या नकाशाशी काही संबंध नाही हे लक्षात घ्या. किडनीचा पॉइंट खरा की खोटा हे कोणी विचारलंच नाही. तरीही पायाची दुकानं कायद्याच्या सावटातून बाहेर आली ती याच निकालाने.

नकाशाबद्दल विचारलं ते ऑस्ट्रेलियात, आणि तेही पैशाच्या निमित्ताने. तिथे खाजगी आरोग्य विम्यावर सरकार सूट देतं, आणि त्या विम्यात नैसर्गिक उपचारही बसत होते. २०१५ मध्ये सरकारी आढावा आला, १७ पद्धती तपासल्या, निष्कर्ष असा की यांच्या उपयोगाचा स्पष्ट पुरावा मिळत नाही. त्यावरून १ एप्रिल २०१९ पासून १६ पद्धती विम्याबाहेर काढल्या, रिफ्लेक्सॉलॉजी त्यातच, शेजारी होमिओपॅथी, योग, पिलाटेस, ताई ची. मसाज मात्र आत राहिला! पेपरांत "बंदी" असे मथळे आले पण बंदी वगैरे काही नव्हती, खिशातून पैसे देऊन करा, एवढंच. मंडळी भडकली, दुसरा आढावा झाला, आणि १ जुलै २०२५ पासून सात पद्धती परत आत आल्या, योग, पिलाटेस, ताई ची, शियात्सू धरून. रिफ्लेक्सॉलॉजी बाहेरच राहिली. शियात्सू म्हणजे बोटाने दाबण्याचीच जपानी पद्धत, तिला आत आणि हिला बाहेर, यावर रिफ्लेक्सॉलॉजीवाले चिडले तर त्यांना दोष देता येत नाही.

अभ्यासांचं थोडक्यात: २००९ मध्ये १८ चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला, कुठल्याही आजारावर खात्रीलायक उपयोग दिसत नाही असा. उलट बाजूने अमेरिकेत २०१२ मध्ये बळावलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पावणेचारशेच्या वर बायकांवर चाचणी झाली, रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात दम लागण्याचा त्रास कमी झाला. पण थकवा कमी झाला तो ज्यांचे पाय नुसते चोळले त्या गटात. यातून ज्याने त्याने आपापल्याला हवं ते उचललं.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या नावाने आली. १९८० च्या दशकात मुंबईतून हाताच्या पॉइंट्सवरची पुस्तकं खूप खपली, घराघरांत लाकडी जिमी (पॉइंट दाबायची काडी) आली, काटेरी रोलर आले, मॅग्नेटच्या चपला आल्या, आणि या सगळ्याला आपण ॲक्युप्रेशर म्हटलं. पण पुस्तकांतले हाताचे चार्ट बघितले तर ते चिनी मेरिडियनचे नाहीत, अमेरिकन झोनचे आहेत. त्याच दशकात कोरियातून सुजोक, म्हणजे हातापायाच्या पॉइंट्सचीच आणखी एक पद्धत, निघालं, नंतर ती तारेची रिंगही आपल्या बाजारात आली, आणि गोंधळात भर पडली. अमेरिकन चार्टमध्ये बोटांची टोकं म्हणजे सायनस आणि डोकं, सुजोकमध्ये डोकं फक्त अंगठ्यात आणि मधलं बोट-अनामिका म्हणजे पाय. तेव्हा अनामिकेचं टोक दाबलं तर सर्दी जाणार की पाऊल दुखायचं थांबणार, हे तुम्ही कुठला क्लास केलाय त्यावर. एकाच क्लासमध्ये दोन्ही चार्ट भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले असतात आणि विचारलं तर "दोन्ही बरोबर" असं उत्तर मिळतं.

कायद्याचा कप्पा इथे अजून ठरलेला नाही. आयुषच्या यादीत आयुर्वेद, योग-निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा, होमिओपॅथी आहेत. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्राने २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, केंद्राने २०१९ मध्ये त्याला वेगळी उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. रिफ्लेक्सॉलॉजीसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे कोर्स कोणीही काढतो, सर्टिफिकेट कोणीही देतो, दुकान शॉप ॲक्टच्या नोंदीवर चालतं. आणि महापालिकेच्या बागांमधून गोटे बसवलेले ॲक्युप्रेशर ट्रॅक झालेत, सकाळी लोक चपला हातात घेऊन त्यावरून चालतात, तिथे तर सर्टिफिकेटही लागत नाही.