वयभेद, आरोग्यसेवेतील

केवळ वय अधिक म्हणून वृद्ध रुग्णाची तपासणी, उपचार वा माहिती नाकारणे, लांबवणे किंवा उणी ठेवणे. ‘एजिझम’ या मूळ संज्ञेचे श्रेय सामान्यतः अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर (१९६९) यांना देतात. तिचा पहिला संदर्भ रुग्णालयाचा नव्हता. वृद्धांच्या निवासाला शेजाऱ्यांनी केलेल्या विरोधाचा होता.

निधीवाटपाच्या गणितात वय उघडपणे आले ते ‘डॅली’ (विकलांगता-समायोजित आयुर्वर्षे; आजार, अपंगत्व व अकाली मृत्यू यांमुळे गमावलेल्या निरोगी वर्षांची मोजणी) या मापनातून. जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालाने ते रूढ केले. त्यात आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला वयानुसार भार (गणितातले वजन) दिला होता : २५व्या वर्षी सु. १.५२, ६०व्या वर्षी ०.९०, ८०व्या वर्षी ०.५४. कर्त्या वयावर इतरांचा निर्वाह अवलंबून असतो, हे समर्थन. मात्र वृद्धाचे उरलेले आयुर्मान मुळातच कमी धरलेले असते. त्यावर हा भार म्हणजे एकच वजावट दोनदा, हा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो. २०१० च्या जागतिक रोगभार अभ्यासाने वयाचा हा भार वगळला.

नियमात लिहिलेली वयोमर्यादा किमान दिसते तरी. ‘वयोमानाने होणारच’ हा शेरा कुठल्याच नियमात नसतो. वृद्धांत न्यूमोनिया तापाविना, हृदयविकाराचा झटका छातीदुखीविना येऊ शकतो. तासाभरात किंवा दोन दिवसांत उद्भवलेला मनाचा गोंधळ हा स्मृतिभ्रंश समजून सोडू नये. संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, रक्तातील ऑक्सिजन, साखर व सोडियम आणि नव्याने सुरू केलेली औषधे तपासावीत.

वय मुळीच न पाहणेही घातक. ६० किग्रॅ. वजन व रक्तात दर १०० मिलि.मागे १.० मिग्रॅ. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) असलेल्या दोन पुरुषांचा अहवाल सारखाच ‘नॉर्मल’ येतो. पण कॉकक्रॉफ्ट–गॉल्ट सूत्राने मूत्रपिंडाची क्षमता २५व्या वर्षी सु. ९६, तर ८०व्या वर्षी ५० मिलि. प्रतिमिनिट निघते. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या औषधाची तीच मात्रा दुसऱ्याला जास्त होऊ शकते.

वयाऐवजी दुर्बलता मोजावी, हे मत आता बळावले आहे. कॅनडातील वृद्धरोगतज्ज्ञ रॉकवूड व सहकाऱ्यांची श्रेणी (२००५; आता १ ते ९, गुण जास्त तितकी दुर्बलता अधिक) त्यासाठी वापरतात. गुण आजारापूर्वीच्या, साधारण दोन आठवड्यांमागच्या स्थितीवर द्यायचे असतात. खाटेवर निजलेला रुग्ण पाहून दिल्यास धडधाकट माणूसही दुर्बल ठरतो आणि अतिदक्षता विभागातील जागेला मुकतो. स्थिर स्वरूपाचे जन्मजात अपंगत्व असणाऱ्यांना ही श्रेणी लावू नये.

ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याखाली सेवांमधील वयभेदावरील बंदी १ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाली. जागतिक आरोग्य संघटनेचा वयभेदावरील जागतिक अहवाल २०२१ चा आहे.