सीमाभागातील बालगृहातली मुले: अठराव्या वर्षापर्यंत आणि त्यापुढे

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. त्या दिवशी अनेक कुटुंबांचे नातेवाईक हद्दीपलीकडचे झाले. निराधार मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट आजही महत्त्वाची आहे, कारण आई-वडील नसले की मुलाला सांभाळू शकणारी मावशी किंवा मामा बहुतेक वेळा महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजकडे असतात.

त्याआधी या भागाचा कायदा मुंबईचा होता. 1924 चा आणि नंतर 1948 चा बालकायदा. कर्नाटकाचा स्वतःचा बालकायदा 1964 चा. या सगळ्यांचा भर मुलाला संस्थेत ठेवण्यावर होता. 1986 च्या केंद्रीय बाल न्याय कायद्याने मुलग्यांचे बालवय 16 आणि मुलींचे 18 वर्षांपर्यंत धरले. दोघांसाठी 18 ही मर्यादा 2000 साली आली आणि निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी बालकल्याण समितीही तेव्हाच. आजचा 2015 चा कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. संस्था हा शेवटचा पर्याय, आधी कुटुंब, असे तो स्पष्ट सांगतो.

सापडलेल्या मुलाला 24 तासांत समितीपुढे आणावे लागते. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. सामाजिक चौकशी 15 दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित असतो. घर दुसऱ्या राज्यात असेल तर मुलाची बदली तिकडच्या समितीकडे करायची, पण आधी तिथून गृहभेटीचा अहवाल यायला हवा. सीमाभागात गाडे अडते ते इथेच. अहवाल लांबला की मूल बालमंदिरातच (कर्नाटकातल्या सरकारी बालगृहातच) राहते. शाळेचे वर्ष मध्येच तुटते, मराठीत शिकलेले मूल कन्नड वर्गात जाऊन बसते. ते मागे पडले तर त्याची बुद्धी कमी, असे मुळीच समजू नये.

कागदांचा घोळ त्याहून चिवट. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. आधारवर नाव आणि पुढे नुसती आद्याक्षरे. जन्मदाखला महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा. तिन्ही जुळले नाहीत तर शिष्यवृत्ती अडते, बँक खातेसुद्धा अडते. अनुसूचित जातीचे कुटुंब महाराष्ट्रातून आलेले असेल, तर मुलाला कर्नाटकातल्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. तो मूळ राज्यातच मिळतो. ही गोष्ट कॉलेज प्रवेशाच्या वेळी कळली तर फार उशीर झालेला असतो.

2022 च्या मिशन वात्सल्य या केंद्रीय योजनेत प्रायोजकत्व (कुटुंबातच राहणाऱ्या मुलाला आर्थिक मदत), प्रतिपालन (दुसऱ्या कुटुंबात संगोपन) आणि अनुरक्षण (संस्था सोडल्यानंतरचा आधार) यांसाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. प्रायोजकत्वासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपये. विधवा आईजवळच राहू शकणाऱ्या मुलासाठी बालगृहापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला, म्हणून मुलाला भरती करण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज झाला आहे का, ते विचारावे.

अठरा पूर्ण झाल्यावरचा काळ सर्वांत कठीण. निवारा, जेवण, ओळखीची माणसे एकाच दिवशी सुटतात आणि परत जायला घर नसते. अनुरक्षण 21 वर्षांपर्यंत, अपवादात्मक स्थितीत 23 पर्यंत मिळू शकते. त्याची योजना मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी समितीपुढे ठेवावी, असा नियम आहे. दोन राज्यांतले कागद जुळवायला दोन महिने पुरणार नाहीत. ते काम सोळाव्या वर्षीच, दहावीच्या निकालाबरोबर, सुरू करायला हवे: आधी जन्मदाखला, मग त्याप्रमाणे आधारची दुरुस्ती आणि शेवटी मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते.